गिऱ्हाईक "पाऊण एल्बो" म्हणतं, मग सर्चमध्येही तेच चाललं पाहिजे

नमस्कार मंडळी,

हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या दुकानांसाठी आम्ही ऑनलाइन कॅटलॉग बनवतो. नवीन काम ठरलं की दुकानदार हमखास विचारतात, सर्च कसा देणार आणि फिल्टर किती देणार? ते आम्ही कसं करतो आणि त्यात तुमची मदत कुठे लागते, तेवढंच या कागदावर लिहिलंय.

समजा प्लंबर गच्चीवर टाकीपाशी उभा आहे, एका हातात पाना, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाईलवर टाइप करतोय "पाऊण एल्बो", म्हणजे पाऊण इंची वाकडा जोड, आणि तुमच्या बिलिंगमध्ये तोच माल "सीपीव्हीसी एल्बो २० मिमी" असा लिहिलाय (सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिक पाइप). माल रॅकवर आहे, पण स्क्रीनवर येतं "काहीही सापडले नाही", आणि तो दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. हे आम्ही स्वतः पाहिलंय आणि तेव्हा फार वाईट वाटलं, कारण एका शब्दापायी गिऱ्हाईक गेलं.

म्हणून मापांचा तक्ता आम्ही सगळ्यात आधी बसवतो. सीपीव्हीसीत अर्धा इंच म्हणजे १५ मिमी, पाऊण म्हणजे २०, एक इंच २५, सव्वा ३२, दीड ४०, दोन ५०. पण शेतीच्या पीव्हीसी पाइपचं माप बाहेरून घेतात, त्यामुळे तिथे दोन इंची म्हणजे ६३ मिमी, अडीच इंची ७५, तीन इंची ९०. म्हणजे नुसतं "दोन इंची" टाइप केलं तर दोन वेगळे माल निघतात. अशा वेळी सर्चने आपल्या मनाने एक निवडू नये, वर दोन मोठी बटणं दाखवावीत, "घरातली लाइन" आणि "शेतीची लाइन", आणि गिऱ्हाइकाला ठरवू द्यावं.

मग येतं स्पेलिंग. व्हॉल्व्ह, वॉल्व, वाल, लोक तिन्ही लिहितात आणि तिन्ही चालायलाच हवेत. त्यातली एक गोष्ट तर डोळ्यांना दिसतच नाही: "कॉक" मधला "ॉ" काही कीबोर्ड एकच अक्षर म्हणून टाकतात, काहींवर लोक आधी काना देतात आणि मग वर चंद्र. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच, कंप्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. आकड्यांचंही तसंच, कोणी मराठीत लिहितं, कोणी इंग्रजीत. हे सगळं आम्ही आतल्या आत एकसारखं करून घेतो, गिऱ्हाइकाला काही कळायची गरज नाही.

फिल्टरबद्दल आमचं मत जरा ठाम आहे. बाजूला वीस-पंचवीस चौकटींची रांग लावली की मोबाईलवर कोणी त्याला हात लावत नाही. तुम्ही काउंटरवर आधी काय विचारता? "गरम पाण्याला की गार?" मग माप, मग कंपनी. आम्ही हाच क्रम ठेवतो. पहिला फिल्टर गरम पाणी, गार पाणी, सांडपाणी, कारण घरमालकाला सीपीव्हीसी (गरम पाण्याचा), यूपीव्हीसी (गार पाण्याचा), एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा) ही पाइपांची नावं माहीत असतीलच असं नाही, आणि चुकून यूपीव्हीसी गीझरच्या गरम लाइनला गेला तर उद्या तक्रार तुमच्याकडेच येणार.

बाकी बारीक गोष्टी: प्रत्येक पर्यायापुढे किती माल आहे तो आकडा दिसतो, शून्य असेल तो फिका होतो, निवडलेले पर्याय वर दिसतात आणि फुलीवर बोट ठेवलं की निघतात. एखादा माल उघडून बघून मागे आलं तरी निवडलेलं सगळं जागेवरच राहतं, ही गोष्ट आम्ही कधीच सोडत नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते. एक साधी वही काउंटरवर ठेवा आणि आठवडाभर गिऱ्हाईक जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहा, शुद्ध करू नका, "टाकीचा निप्पल", "पांढरी टेप", "वाकडा जॉइंट" जे असेल ते. कॅटलॉग सुरू झाल्यावर दर महिन्याला आम्ही ज्या सर्चला काहीच सापडलं नाही त्यांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवू, तुम्ही शेजारी मालाचं नाव लिहून परत पाठवा, त्याच आठवड्यात ते शब्द सर्चमध्ये चालू करून देऊ.