हाती बांधलेले आरसीसी-ब्लॉकचे घर

हाती बांधलेले आरसीसी-ब्लॉकचे घर : लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, असे महाराष्ट्रातल्या खेड्यांत व तालुक्याच्या गावांत सर्रास दिसणारे बांधकाम. रेडीमिक्सची गाडी किंवा क्रेन येथे येत नाही. फार तर भाड्याचा मिक्सर आणि माल वर चढवणारी लिफ्ट येते. बाकी सगळे फावडे, घमेले, ओळंबा आणि माणसे. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर तिकडे दगडी घरावरचा विश्वासच उडाला आणि पक्के घर म्हणजे स्लॅबचे घर, हे समीकरण घट्ट झाले.

स्लॅबचे घर आपोआप भूकंपात टिकते, असे मात्र नाही. कॉलमच्या उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगांची टोके काटकोनात वाकवून सोडली, तर बाहेरचे काँक्रीट फुटताच त्या उघडतात. टोके १३५ अंशांत, आतल्या गाभ्याकडे वळलेली लागतात. कामाला थोडा वेळ जास्त लागतो, एवढ्यासाठी हे टाळले जाते. कव्हरचेही, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचेही, तसेच. काँक्रीटकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमला साधारण ४० मिमी कव्हर हवे. ते सळयांना कव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे छोटे तुकडे, बांधून राखावे लागते. सळई साच्याला टेकली तर काही वर्षांत गंज बाहेर दिसतो.

सर्वांत मोठा दिवस स्लॅबचा. सकाळी नारळ फुटतो आणि टोळीचे जेवण बहुधा मालकाकडे असते. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब धरला, तर पावणेबारा घनमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे चार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काँक्रीट होते. त्याचे वजन २८ टनांच्या घरात जाते. एका घमेल्यात १५ किलो माल धरला, तर अठराशेवर घमेली वर जातात, आणि तीही एका दमात. कारण पहिला माल घट्ट झाल्यावर त्याला लागून नवा टाकला, तर तिथे सांधा राहतो आणि पुढे त्याच रेषेतून पाणी झिरपते. पावसाने किंवा मिक्सर बिघडल्याने थांबावेच लागले, तर जाणता मिस्त्री गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या भागात, उभी फळी लावून काम थांबवतो; बीमच्या तोंडाशी थांबवत नाही.

खरी मेख पाण्यात आहे. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटच्या ठरीव प्रमाणाला (सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३) ५० किलोच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असे मानक सांगते, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच मोजायचे असते. पातळ माल घमेल्यातून सहज पडतो, पट्टीखाली भराभर पसरतो. संध्याकाळ जवळ आली की “जरा पाणी सोड” ही हाक म्हणूनच ऐकू येते. जादा पाणी उडून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात आणि काँक्रीटची ताकद घटते. त्या दिवशी मिक्सरच्या पाण्याच्या नळावर जो उभा असतो, तो इंजिनियरपेक्षा महत्त्वाचा असतो.

दुसरी चूक टोळीच्या पायांखाली होते. स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळई खाली असते. पुढे लटकणाऱ्या छज्ज्यात आणि गॅलरीत ती वर लागते. घमेली वाहणारी माणसे तिच्यावरूनच ये-जा करतात आणि ती दबते. खाली ‘खुर्च्या’, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, दिले नाहीत, तर गॅलरी सेंटरिंग (खालचा तात्पुरता साचा व टेकू) काढताच वाकू लागते किंवा पडते.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर बांध घालून आळी करतात व पाणी कोंडतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत १० दिवस ओल ठेवावी लागते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. बीमचे सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवसांनी.

भिंती बहुधा सांगाड्यानंतर चढतात. (मेक्सिको, पेरू येथे क्रम उलटा : भिंत आधी, कॉलम नंतर तिच्या दातेरी कडेला धरून ओततात. गांधीनगरच्या आयआयटीच्या इमारतींतही ही रीत वापरली आहे.) आठ इंची भरीव ठोकळा ३० किलोच्या वर भरतो. कोकणात हेच काम जांभ्याचा चिरा करतो. विटा भिजवून लावतात, तसे सिमेंटचे ठोकळे चिंब करायचे नसतात. ते वाळताना आकसतात आणि भिंतीला भेगा पडतात. म्हणून बीमखालचा शेवटचा थर लगेच घट्ट भरत नाहीत. भिंत वाळून बसली, की ती फट मसाल्याने भरतात, आणि कॉलम-भिंतीच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकून मगच प्लास्टरला हात घालतात.