अडॅप्टरवरच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर नियंत्रण

एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर अडॅप्टर लावून वापरताना लेन्समधली पाती उघडायची-मिटायची कशी, म्हणजेच अ‍ॅपर्चर कोण आणि कुठून बदलणार, याची ही नोंद. फोकस अनंतापर्यंत नेण्याचा भाग त्या मानाने सोपा आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीत माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर फार कमी असतं (सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०) आणि जुन्या एसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, लेन्सना ते जास्त लागतं (निकॉन एफ ४६.५, स्क्रूचं एम४२ ४५.४६, कॅनन ईएफ ४४), त्यामुळे मधल्या जागेत नेमक्या लांबीची नळी बसवली की काम झालं. अ‍ॅपर्चरचं तसं नाही. लेन्स बनवणाऱ्याने पात्यांचा ताबा लेन्सवरच्या रिंगला दिलाय, बॉडीतल्या लिव्हरला दिलाय की विजेला, त्यावर सगळं ठरतं, आणि अडॅप्टर घेण्याआधी तपासायची गोष्ट हीच.

हा ताबा लेन्सकडून बॉडीकडे कधी गेला यावर एकमत नाही. सुरुवातीच्या एसएलआरमध्ये अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोकस करायचा, मग हाताने रिंग फिरवून बंद करायचं आणि फोटो काढायचा, असा प्रकार होता. १९५० च्या दशकात एक्झाक्टा कॅमेऱ्यासाठीच्या काही लेन्सना बाहेरून एक दांडी यायची, तिचं बटण बॉडीच्या शटर बटणावर बसायचं, दाबलं की आधी पाती मिटायची आणि मग शटर सुटायचं. काही जण ऑटो डायफ्रॅमची, म्हणजे फोटोच्या क्षणी पाती आपोआप मिटण्याची, सुरुवात इथूनच धरतात, पण यात बॉडी आणि माउंट यांचा काहीच सहभाग नाही, म्हणून ते मत जरा कमजोर वाटतं. दुसरा दावा हंगेरीच्या ड्युफ्लेक्स कॅमेऱ्याचा, साधारण १९४९ च्या सुमाराचा, त्यात जोडणी आतून होती पण अर्धवट स्वयंचलित. तिसरा जपानच्या झुनोचा, १९५८ चा, ज्यात आतून चालणारं पूर्ण ऑटो अ‍ॅपर्चर आणि लगेच खाली येणारा आरसा दोन्ही एकत्र होते. झुनो फार थोडे बनले. सर्वत्र पसरलेली पद्धत मात्र १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्यानंतरची म्हणावी लागेल, आणि अडॅप्टरच्या दृष्टीने बघितलं तर महत्त्व तिलाच द्यावं, कारण आज ज्या लेन्स लोक अडॅप्टरवर लावतात त्या बहुतेक याच वळणाच्या आहेत.

विजेवर चालणाऱ्या अ‍ॅपर्चरबद्दलही असाच वाद आहे. मार्च १९८७ मध्ये ईओएस ६५० कॅमेऱ्याबरोबर आलेल्या कॅनन ईएफ माउंटला सरसकट पहिलं म्हटलं जातं, पण मध्यम फॉरमॅटच्या (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या) रोलायफ्लेक्स एसएलएक्समध्ये (१९७६) लेन्समधलं शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही लिनियर मोटरने चालायचं, बॉडीतून लेन्सकडे यांत्रिक ओढ नव्हतीच. म्हणून ईएफला पहिलेपण द्यायचं तर ते ३५ मिमीपुरतं द्यावं. वीज आल्याचा फायदा टिल्ट-शिफ्ट लेन्समध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतो: लेन्सचा पुढचा भाग वाकतो-सरकतो तिथे लिव्हर न्यायची कशी, वायर मात्र जाते. कॅननच्या टीएस-ई लेन्स १९९१ मध्ये आल्या त्या ऑटो अ‍ॅपर्चर घेऊनच, निकॉनने २००८ च्या पीसी-ई लेन्समध्ये हाच मार्ग धरला.

आता प्रत्यक्ष वापर. लेन्सवर रिंग असली तरी ती साध्या अडॅप्टरवर चालेलच असं नाही, ते लेन्स बॉडीवरून काढल्यावर पाती कुठे जाऊन थांबतात त्यावर अवलंबून आहे. रिंगवाल्या निकॉन एफ लेन्सची स्प्रिंग पाती रिंगवरच्या आकड्यापर्यंत मिटवते आणि बॉडीतला लिव्हर त्यांना उघडी धरतो, म्हणजे बॉडी नसली की रिंग सरळ काम करते, अडॅप्टरला काही करावं लागत नाही. पेंटॅक्स के चं तसंच. कॅनन एफडी बरोबर उलट, काढलेली लेन्स उघडीच राहते, रिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, म्हणून एफडी अडॅप्टरवर लिव्हर ढकलणारी लॉक-ओपन अशी वेगळी रिंग असते आणि ती लॉकवर नसेल तर सगळे फोटो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर येतात. एम४२ मध्ये मागे पिन असते, ती दाबणारी कड अडॅप्टरला हवी किंवा लेन्सवर ऑटो-मॅन्युअल स्विच हवा, पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार लेन्सना तो असतो.

खरी अडचण रिंगच नसलेल्या लिव्हरवाल्या लेन्सची. २००० पासून आलेल्या निकॉन जी लेन्स बॉडीवरून काढल्या की सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरवर जातात, नुसत्या नळीवर लावल्या तर तिथेच अडकून बसतात. म्हणून जी अडॅप्टरवर स्वतःची रिंग असते, ती आतून लिव्हर हलवते. तिच्यावर एफ नंबर नसतात, कधी नुसते ठिपके किंवा १, २, ३ असे आकडे असतात, आणि ते एफ स्टॉप समजू नयेत. हे इतकं अंदाजे का असतं? एआय-एस लेन्सपासून (साधारण १९८१) निकॉनने लिव्हरची चाल सरळ प्रमाणात ठेवली, प्रत्येक स्टॉपला (उजेड निम्मा किंवा दुप्पट होण्याच्या पायरीला) सारखं अंतर, कारण शटर प्रायॉरिटी आणि प्रोग्रॅम मोडमध्ये बॉडीलाच अ‍ॅपर्चर नेमकं बसवायचं होतं. आधीच्या लेन्समध्ये हे प्रमाण तसं सरळ नव्हतं. म्हणजे जी लेन्समध्ये तत्त्वतः मोजणी शक्य आहे, पण पूर्ण चालच मुळात छोटी, त्यात अडॅप्टरच्या रिंगमध्ये थोडी जरी ढिलाई असली तरी आकडा सरकतो. यावर चांगला उपाय बॉडीतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (यात शटरचा वेग बॉडी ठरवते), आयएसओ कायम ठेवून, सारख्या उजेडाच्या भिंतीवर रोखून एफ/१.८ ची लेन्स पूर्ण उघडी ठेवली आणि शटर १/१००० आलं, तर रिंग फिरवत १/२५० येईपर्यंत न्यायची, दोन स्टॉप कमी झाले म्हणजे साधारण एफ/३.६. सोनी ए माउंटच्या लेन्सची गत याच प्रकारची. निकॉनने स्वतःच्या झेड बॉडीसाठी काढलेल्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये (२०१८) लिव्हर हलवणारी यंत्रणा आतच आहे, त्यामुळे जी लेन्सचं अ‍ॅपर्चर बॉडीच्या डायलवरून नेमकं चालतं.

विजेवरच्या लेन्स साध्या नळीवर जवळजवळ मुक्या होतात. कॅनन ईएफची पाती वीज गेली की जिथे आहेत तिथेच राहतात, यावरून जुनी युक्ती निघाली: कॅनन बॉडीवर हवं ते अ‍ॅपर्चर ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (पाती फोटोआधीच मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स फिरवून काढायची. चालतं, पण स्टॉप बदलायचा तर पुन्हा कॅनन बॉडी जवळ हवी. निकॉनच्या ई प्रकारच्या लेन्स उघड्याच राहतात. मेटाबोन्स, सिग्मा एमसी-११ (२०१६) असे चिप असलेले अडॅप्टर एका कंपनीची भाषा दुसरीला समजावतात आणि मग अ‍ॅपर्चर बॉडीवरूनच बदलतं. सोनीने ई माउंटची मूळ माहिती २०११ मध्ये इतर उत्पादकांना मोफत खुली केली, त्याचा या बाजाराला नक्कीच हातभार लागला असावा.

काही स्वस्त ईएफ अडॅप्टरमध्ये लेन्सच्या मागे वेगळीच पाती बसवलेली असतात. ही लेन्सच्या अ‍ॅपर्चरची जागा घेत नाहीत हे नीट समजून घ्यायला हवं. लेन्सचं अ‍ॅपर्चर अशा जागी असतं जिथून चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश एकत्र जातो, त्यामुळे ते मिटलं की सगळी फ्रेम सारखी मंद होते. लेन्सच्या मागे येईपर्यंत मधल्या आणि कडेच्या बिंदूंचे किरण वेगळे झालेले असतात, तिथे पाती मिटली की कडेचेच जास्त कापले जातात आणि कोपरे काळे पडतात. छोट्या सेन्सरवर, लांब फोकल लेंग्थला थोडंफार निभतं, वाइडला शक्यतो वापरू नये.

ज्या अडॅप्टरमध्ये चिप नाही तिथे मीटरिंग नेहमी मिटलेल्या अ‍ॅपर्चरवरच होतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये यामुळे अंधार व्हायचा, मिररलेसची स्क्रीन तो भरून काढते. लेन्सशिवाय शटर सुटू देण्याचं सेटिंग चालू करावं लागतं, नाहीतर बॉडी फोटोच काढत नाही. उघड्यावर फोकस करून मग एफ/२.८ किंवा ४ वर यायचं ही सवय जुन्या एफ/१.४ लेन्सवर टाळलेली बरी, कारण स्फेरिकल अ‍ॅबरेशन (कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा दोष) उरलेल्या लेन्समध्ये पाती मिटताना फोकसची जागा सरकते, ज्या स्टॉपवर फोटो काढायचा त्याच स्टॉपवर फोकस करावा.

जुन्या लेन्समध्ये ग्रीस पातळ होऊन पात्यांवर तेल येतं आणि ती हळू मिटतात. फिल्म बॉडीवर हा मोठा दोष, पण अडॅप्टरवर पाती फोटोच्या आधीच मिटलेली असतात, म्हणून रिंगवाली अशी लेन्स खुशाल वापरता येते. स्प्रिंगवर वेगाने मिटणारी पातीच अडकून राहत असतील तर मात्र सर्व्हिसिंगला पर्याय नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी हा वेगळा त्रास, त्याचा अ‍ॅपर्चरशी थेट संबंध नाही, तरी सेकंडहँड लेन्स घेताना पाती पूर्ण उघडून आरपार टॉर्च मारून बघितली की तेल आणि बुरशी दोन्ही दिसतं.

व्हिडिओवाले रिंगचा टकटक अडकणारा भाग काढून ती सलग फिरेल अशी करून घेतात. चिप नसेल तर फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरची जागा रिकामी राहते, आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनसाठी (हात हलल्याची भरपाई करणाऱ्या सोयीसाठी) फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते.