झाझच्या गाण्यांमागचे पॅरिसचे रस्ते

झाझ या नावाने गाणाऱ्या इझाबेल जेफ्रुआ हिचा पहिला अल्बम मे २०१० मध्ये आला आणि त्यातल्या 'झ व' या गाण्याने ती फ्रान्सभर घरोघरी पोहोचली. रिट्झ हॉटेलातली खोली, दागदागिने, लिमोझिन, यांपैकी काहीही नको, असे ठणकावून सांगणारे हे गाणे मध्येच थांबते, आणि झाझ तोंडानेच वाद्याचा आवाज काढत एक अख्खी सुरावट वाजवून दाखवते. हा ढंग रस्त्यावर, वाद्यांची चैन नसताना गाणाऱ्यांचा आहे, आणि त्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या चौकांत गाणारे गायक गाण्याची छापील पाने विकून पोट भरत. गर्दी त्यांच्याकडूनच चाल शिके आणि पाने घेऊन घरी जाई. त्याच काळात मध्य फ्रान्समधल्या ऑव्हेर्न्य प्रांतातून कोळसा आणि पाणी वाहून नेणारे कष्टकरी शहरात आले. त्यांनी बास्तीयजवळच्या रू द लाप या गल्लीतल्या गुत्त्यांमध्ये आपल्या बॅगपाइपवर नाच सुरू केले. मागाहून आलेल्या इटालियन स्थलांतरितांनी अकॉर्डियन आणले. सुरुवातीला दोन्ही बाजूंत चुरस होती, पण ऑव्हेर्न्यचा वादक आंत्वान बुस्कातेल आणि अकॉर्डियनवादक चार्ल्स पेगुरी एकत्र वाजवू लागले, पुढे त्यांच्यात सोयरीकही झाली, आणि त्यातून 'मुसेत' ही नाचाची शैली घडली. आज ज्या अकॉर्डियनला जग पॅरिसची ओळख मानते, ते मुळात परगावच्यांनी आणि परदेशातून आलेल्यांनी मिळून उभे केलेले संगीत आहे.

याच मुसेतच्या अड्ड्यांत मानूश जमातीतला, म्हणजे ज्यांच्या भाषेची मुळे भारतात सापडतात अशा रोमा लोकांपैकी एक मुलगा अकॉर्डियनवादकांच्या साथीला बँजो वाजवत असे. हा जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, आणि उरलेल्या बोटांवर त्याने गिटारची नवी पद्धत बसवली. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्राप्पेलीसोबत त्याने जो संच उभा केला, त्यात तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बास होता. ढोल मुळीच नव्हता. ताल सांभाळण्याचे काम गिटारकडे आले: तार छेडायची आणि लगेच बोटांचा दाब सैल करून आवाज तोडायचा. या ठेक्याला वादक 'पाँप' म्हणतात, आणि झाझच्या पहिल्या अल्बममधल्या अनेक गाण्यांना पुढे नेणारा ठेका हाच आहे.

गाण्याच्या बाजूने पाहिले, तर झाझची पूर्वज फ्रेंच गायिका एदित पियाफ ठरते. रस्त्यावर कसरती करणाऱ्या बापाची ही मुलगी १९३५ मध्ये पॅरिसच्या एका कोपऱ्यावर गात असताना कॅबरेचालक लुई लप्ले याच्या नजरेस पडली. तिने गायलेले 'दाँ मा रू' हे गाणे झाझने पहिल्याच अल्बममध्ये घेतले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून तिने आपले नाते उघडपणे सांगितले.

झाझ स्वतः मात्र रस्त्यावर वाढलेली नाही. लहानपणी तूर शहरातल्या संगीत विद्यालयात ती व्हायोलिन आणि पियानो शिकली, बोर्दोमध्ये तिने आधुनिक संगीताचे शिक्षण घेतले, बास्क प्रदेशातल्या एका वाद्यवृंदात गायली. २००६ मध्ये पॅरिसला आल्यावर कॅबरेतले ठरावीक गाणे सोडून ती साथीदारांबरोबर मोंमार्त्रच्या रस्त्यांवर उभी राहिली. ध्वनिवर्धकाविना गर्दी थांबवायची, तर आवाजाला धार लागते, आणि तिच्या घोगऱ्या गळ्याची ताकद तिथे कसाला लागली.

२०१४ मध्ये तिने 'पॅरी' या अल्बमात शहरावरची जुनी गाणी गायली, त्यातल्या काहींच्या निर्मितीत अमेरिकन संगीत निर्माते क्विन्सी जोन्स होते आणि साथीला भरगच्च वाद्यवृंद होता. ती कारागिरी उत्तम आहे, तरीही तिथे गाण्याला सजावट जास्त झाली असे माझे मत आहे. मोजक्या वाद्यांवर उभा असलेला २०१० चा अल्बम मुसेतच्या गुत्त्यांना अधिक जवळचा आहे.