उपग्रह तबकडी, दूरचित्रवाणी केंद्रातील

मुख्य प्रसारणसंस्थेचे कार्यक्रम व बातम्यांची दृश्ये उपग्रहावरून उतरवून घेण्यासाठी स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राच्या आवारात किंवा गच्चीवर बसवलेला अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा) अँटेना. तंत्रज्ञ तिला नुसते ‘डिश’ म्हणतात. घरगुती छत्रीचे आणि तिचे तत्त्व एकच. फरक व्यासाचा, बांधणीचा आणि अचूकतेचा.

उगम : अशी तबकडी प्रथम कोठे वापरात आली याविषयी एकमत नाही. अमेरिकी लेखनात बहुधा 1978 हे वर्ष धरतात. त्या वर्षी पीबीएस या सार्वजनिक जाळ्याने आपल्या सदस्य केंद्रांना वेस्टार उपग्रहावरून कार्यक्रम पुरवायला आरंभ केला. त्याआधी 1975 मध्ये एचबीओ या केबल वाहिनीने मनिला येथील मुष्टियुद्धाचा सामना उपग्रहामार्गे दाखवला होता. पण तो उतरवून घेणाऱ्या तबकड्या केबलचालकांच्या होत्या आणि त्यांना केंद्र म्हणणे ओढूनताणून होईल. कॅनडाचा दावा अधिक जुना आहे. ॲनिक ए-1 हा उपग्रह नोव्हेंबर 1972 मध्ये सोडला गेला व पुढच्या वर्षापासून सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे कार्यक्रम उत्तरेकडील दुर्गम वस्त्यांत त्याच्यामार्गे पोहोचू लागले.

मात्र ‘उपग्रहावरून घ्यायचे आणि स्थानिक प्रक्षेपकाला द्यायचे’ ही कसोटी लावली, तर मान सोव्हिएत संघाच्या ऑर्बिता जाळ्याकडे जातो. 1967 च्या अखेरीस सुमारे 20 भूकेंद्रांनिशी ते सुरू झाले आणि मॉस्कोचे कार्यक्रम सायबेरिया व अतिपूर्वेकडील केंद्रांना मिळू लागले. गोल इमारतीच्या छपरावर 12 मी. व्यासाची तबकडी, असे या केंद्रांचे ठरावीक रूप होते. ऑर्बिता ज्यांवर चाले ते मोल्निया उपग्रह भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारे, नव्हते. लांबट कक्षेत सुमारे 12 तासांत ते एक फेरी पुरी करत, त्यामुळे तबकडीला त्यांच्यामागे सतत तोंड फिरवावे लागे. एका जागी खिळलेल्या आजच्या तबकडीशी तिचे नाते लावू नये, असा आक्षेप घेता येतो. कामाच्या दृष्टीने पाहिल्यास तो फारसा टिकत नाही.

रचना व अचूकता : भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किमी. उंचीवर असल्याने खाली येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. तबकडी तो नाभीपाशी (फोकसपाशी) गोळा करते. तेथील फीड हॉर्नमधून (संकेत टिपणाऱ्या कर्ण्यातून) तो एलएनबी या विवर्धक उपकरणात जातो आणि विवर्धन होऊन कमी कंप्रतेवर (वारंवारतेवर) केबलने आत येतो. सी पट्ट्यात (3.7 ते 4.2 गिगॅहर्ट्‌झ) 4.5 मी. व्यासाची चांगली तबकडी संकेत सुमारे 23 हजार पट करते आणि तिची शलाका, म्हणजे आकाशाचा ती टिपते तो पट्टा, जेमतेम 1.2 अंश रुंद असते. शेजारचा उपग्रह कित्येकदा 2 अंशांवरच असतो. 2 मी. व्यासाच्या तबकडीची शलाका 2.6 अंश भरते, म्हणजे दोन्ही उपग्रहांचे संकेत एकात एक मिसळण्याची धास्ती. केंद्रे मोठी तबकडी घेतात ती यासाठीही.

पृष्ठभागाच्या अचूकतेकडे मात्र दुर्लक्ष होते. पत्रा आदर्श अन्वस्तापासून सरासरी 1.5 मिमी. सरकला, तर सी पट्ट्यात, जेथे तरंगलांबी सु. 7.5 सेंमी. असते, सु. 6 टक्के संकेत वाया जातो. तीच तबकडी केयू या अधिक कंप्रतेच्या पट्ट्यात 12 गिगॅहर्ट्‌झला लावली, की तोटा 43 टक्क्यांवर जातो. सी पट्ट्यात जाळीची तबकडी चालते आणि केयूत नडते, त्याचे कारणही तरंगलांबीच. केयूला पाऊसही अधिक बाधतो.

मोठ्या तबकड्यांत नाभीजवळ छोटा बहिर्गोल परावर्तक ठेवून हॉर्न मागे, मध्यभागी बसवतात. ही कॅसेग्रेन रचना मुळात 1672 मध्ये दूरदर्शकासाठी सुचवलेली.

देखभाल : बिघाड बहुधा क्षुल्लक जागी सापडतो. हॉर्नच्या तोंडावरचा पातळ पडदा पक्ष्याच्या चोचीने किंवा उन्हाने फाटतो, आत पाणी शिरते किंवा गांधीलमाशा घर करतात आणि संकेताची पातळी हळूहळू खाली येते. दिशा जुळवताना एक जण बोल्ट किंचित फिरवतो, दुसरा मापकावरील शिखर पाहून ‘बस, थांब’ म्हणतो.

विषुवदिनांच्या (दिवस-रात्र समान असलेल्या दिवसांच्या) आसपास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. काही दिवस रोज काही मिनिटे त्याच्या गोंगाटात संकेत बुडतो. त्या क्षणी नाभीवरच्या हॉर्नची सावली बरोबर तबकडीच्या मध्यावर पडलेली दिसते. वेळ आधीच काढता येत असल्याने केंद्र तेवढ्यापुरता पर्यायी कार्यक्रम तयार ठेवते.

अलीकडचे बदल : अमेरिकेत 2020 च्या निर्णयानुसार 3.7 ते 3.98 गिगॅहर्ट्‌झ हा भाग मोबाइल सेवेकडे गेला आणि केंद्रांना 4.0 ते 4.2 मध्ये सरकावे लागले. मोबाइल मनोऱ्यांच्या जोरदार संकेताने एलएनबी भांबावू नये म्हणून हॉर्न आणि एलएनबी यांच्यामध्ये धातूचा गाळक बसवतात.