एनआयसीयूत आईला पुन्हा जागा कशी मिळाली

पेटीवर जाड कापड, बाळाभोवती दुपट्याच्या वळकट्यांचं घरटं आणि आईच्या छातीशी बांधलेलं दीड किलोचं बाळ. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आता हे सगळं दिसतं. साठ वर्षांपूर्वी यातलं काहीही चालवून घेतलं नसतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारी पेटी पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास वापरात आणली. प्राणिसंग्रहालयातलं कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहून त्यांना ती सुचली. त्यांचे शिष्य पिएर ब्यूदँ आईने जवळ राहावं, स्वतःचं दूध द्यावं असा आग्रह धरत. हा आग्रह पुढे मागे पडला. विसाव्या शतकात जंतुसंसर्गाच्या धास्तीने नवजात विभागांची दारं बंद झाली आणि बाळाला कमीत कमी हात लावायचा, आईने काचेतून पाहायचं, असा रिवाज पडला. प्रतिजैविकं नव्हती तोवर ही भीती रास्तच होती. पण ती आल्यावरही दार उघडलं नाही. स्टॅनफर्डमध्ये आयांना आत घेऊन पाहिलं तेव्हा संसर्ग वाढला नाही. ही नोंद १९७० मध्ये प्रसिद्ध झाली.

तोवर व्हेंटिलेटर आले होते आणि २८ आठवड्यांची बाळंही वाचू लागली होती. त्यांच्या मेंदूची वाढ गर्भाशयाऐवजी दिवे, अलार्म आणि सुयांच्या सान्निध्यात होत होती. बोस्टनच्या मानसशास्त्रज्ञ हायडेलीझ आल्स यांनी १९८२ मध्ये मांडलं की एवढं लहान बाळही वागण्यातून सांगत असतं. बोटं फाकणं, उचकी, जांभई, कातडीवर चट्टेरी रंग, ऑक्सिजन उतरणं ही ‘पुरे’ची खूण, हात तोंडाशी नेणं, मूठ आवळणं ही स्वतःला सावरण्याची. याच निरीक्षणातून आजची बरीच कामाची पद्धत आली.

ती राबवताना चुकाही ठरावीक होतात. घरटं सैल राहिलं की बाळ गादीवर सपाट पडतं, मांड्या बेडकासारख्या बाहेर फाकतात, खांदे मागे जातात आणि पुढे हात मध्यरेषेत आणणं अवघड होतं. वळकटी पायांच्या तळव्यांना टेकली पाहिजे. आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवावा, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये सुचवलं; पेटीच्या छतावर बाटली ठेवली किंवा तिची हात घालायची खिडकी आपटली तरी आत दणका बसतो. ‘सगळी कामं एकदम उरका’ हा सल्लाही अर्धवट समजला जातो. डायपर, सक्शन (नाका-घशातला स्राव ओढून काढणं) आणि रक्ततपासणी ओळीने केली तर बाळ थकतं, म्हणून खुणा दिसताच मध्ये थांबायचं.

वेदनेचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. नवजात बाळांवर शस्त्रक्रिया पुरेशा भुलेविना होत असत. इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले के. जे. एस. आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवलं की त्याने बाळाच्या शरीरावर मोठा ताण येतो. आता साधी टाच टोचण्याआधीही दोन मिनिटं २४ टक्के साखरपाण्याचे थेंब जिभेवर देतात आणि हातपाय दुमडून धरतात.

बाळाच्या खुणांवर बेतलेल्या आल्स यांच्या संपूर्ण कार्यक्रमाचा दूरगामी फायदा मात्र पक्का ठरलेला नाही. २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात तो दिसला नाही. मला सुटे घटक अधिक भरवशाचे वाटतात, आणि त्यांतला सर्वांत भक्कम घटक टंचाईतून आला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या, एका पेटीत अनेक बाळं, संसर्ग वाढलेला. तिथले डॉक्टर एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल अशी दिली. कांगारू पद्धतीची सुरुवात ही.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी (आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी) सुरू केली. मुंबईच्याच केईएममधल्या २०६ बाळांच्या चाचणीत (२००८) कांगारू गटाचं वजन रोज सरासरी २४ ग्रॅम वाढलं, नेहमीची काळजी मिळालेल्या गटाचं साडेपंधरा.

कांगारू देताना बाळ उभं, दोन स्तनांच्या मधोमध, मान एका बाजूला आणि किंचित मागे. हनुवटी छातीला टेकली तर श्वासमार्ग बंद होतो. कापडाची वरची कड कानाखाली हवी, पोटाशी थोडी सैल, कारण बाळ पोटाने श्वास घेतं. एका बैठकीला निदान तासभर. दर पंधरा मिनिटांनी उचललं तर झोपेचं चक्र पुरं होत नाही.

तरीही कांगारू देण्याआधी बाळ स्थिर होईपर्यंत थांबायचं, हा नियम कायम होता. तो मोडला २०२१ मध्ये. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू दिलं. २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या काळजीत १५.७ टक्के, तर या बाळांत १२ टक्के होते, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. त्यासाठी आईची खाट एनआयसीयूतच लावावी लागली आणि बाळंतिणीची तपासणी तिथेच करावी लागली. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून रोज ८ ते २४ तास कांगारू सुचवते. बाळंतिणींचा वॉर्ड वेगळ्या मजल्यावर आणि भेटीची वेळ ठरलेली असेल तर ८ तास भरणं अशक्य. आज अडचण मुख्यतः जागेची आणि खाटांची आहे.