अपुऱ्या शर्यतीची पार्श्वभूमी: वेस्टनच्या सहा दिवसांपासून शिवाजी पार्कच्या बारा तासांपर्यंत

४२.१९५ किलोमीटरच्या पलीकडच्या कोणत्याही धावेला अल्ट्रा म्हणतात, ही व्याख्या धावणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते; परंतु अल्ट्राच्या दोन निरनिराळ्या परंपरा आहेत आणि त्यांपैकी एकीतच शर्यत अपुरी राहू शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही. एका परंपरेत वेळ ठरलेली असते आणि अंतर मोकळे असते. दुसरीत अंतर ठरलेले असते आणि ते नेमून दिलेल्या वेळेत संपवावे लागते. निकालपत्रकात नावापुढे छापली जाणारी ‘डीएनएफ’ ही अक्षरे (‘डिड नॉट फिनिश’, म्हणजे शर्यत अपुरी राहिली) या दुसऱ्या परंपरेतच लागतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या नावापुढे ती लागली, तेव्हापासून या दोन परंपरांचा इतिहास मी नव्याने वाचते आहे.

वेळेची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील एडवर्ड पेसन वेस्टन हा तिचा पहिला मोठा मानकरी, आणि त्याची सुरुवातच उशिराने झाली. १८६० च्या निवडणुकीवरील पैज हरल्यामुळे बोस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत दहा दिवसांत चालत जाऊन अब्राहम लिंकन यांच्या शपथविधीला हजर राहण्याची अट त्याने पत्करली. मार्च १८६१ मध्ये तो वॉशिंग्टनला पोचला खरा, पण काही तास उशिरा. शपथविधी तोवर उरकला होता. पुढे १८७४ च्या डिसेंबरमध्ये, त्याच वर्षातील आधीचे प्रयत्न फसल्यानंतर, त्याने न्यूआर्कमध्ये सहा दिवसांत ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर, पूर्ण केले. सहाच दिवस का, याचे कारण धार्मिक आहे: रविवारी असे खेळ चालत नसत, म्हणून सोमवार ते शनिवार एवढाच आठवडा उरत असे. १८७८ मध्ये सर जॉन अ‍ॅस्टली यांनी या सहा दिवसांच्या स्पर्धेसाठी मानाचा पट्टा ठेवला, आणि लंडनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये व न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक तिकिटे काढून गोल फिरणारी माणसे पाहू लागले. धावपटू झोपला तर तेवढा वेळ त्याच्या खात्यातून जाई. पण जे मैल पायाखालून गेले ते त्याच्या नावावर राहत, पाचव्या दिवशी तो थांबला तरीही.

अंतराची परंपरा आपल्याला जवळची वाटते, कारण मराठी इतिहासातही तिच्यासारखे काही आहे. पेशवाईत पत्रे पोचवणारे जासूद बहुधा जोडीने पाठवले जात. दफ्तरांत ‘जासूदजोडी’ हा शब्द येतो. ती शर्यत नव्हती, पण ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी पोचण्याचे ओझे तेच होते, आणि त्या वाटेवर माणसाला एकटे सोडू नये एवढे तेव्हाच्या लोकांना कळत होते, असे मला वाटते.

आधुनिक काळात या परंपरेचा पाया दक्षिण आफ्रिकेत घातला गेला. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत हजारो सैनिक उन्हातान्हात मैलोन्मैल चालले होते. त्यांतल्याच विक क्लॅपहॅम या सैनिकाने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ पीटरमारित्झबर्ग ते डर्बन अशी सुमारे ९० किलोमीटरची शर्यत सुचवली. आधी नकार मिळाल्यानंतर २४ मे १९२१ रोजी पहिली कॉम्रेड्स मॅरेथॉन झाली. ३४ जण निघाले आणि १६ जण पोचले. म्हणजे जगातील सर्वांत जुन्या मोठ्या अल्ट्रामध्ये पहिल्याच वर्षी पोचलेल्यांपेक्षा न पोचलेले अधिक होते. स्त्रियांना मात्र अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. आज या शर्यतीची मुदत बारा तासांची आहे. ती संपताना एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि घड्याळाच्या ठोक्याला बंदूक झाडतो. पाठ यासाठी, की दोन पावलांवर आलेल्याचा चेहरा पाहून त्याचा हात थांबू नये. ही रीत कठोर आहे, पण तिच्यात त्या चेहऱ्याची जाणीवही आहे, म्हणून मी तिला निर्दय म्हणणार नाही.

कट-ऑफचा, म्हणजे मुदतीत न पोचणाऱ्याला बाद धरण्याचा, हा नियम पुढे सर्वत्र पसरला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली फिडिपिडीस या निरोप्याची अथेन्स ते स्पार्टा ही दौड खरोखर शक्य आहे का, हे पाहायला ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी जॉन फोडन आणि त्याचे सहकारी १९८२ मध्ये धावले, आणि १९८३ पासून स्पार्टाथ्लॉन सुरू झाली: २४६ किलोमीटर, ३६ तास, वाटेत ७५ चौक्या आणि प्रत्येक चौकीला स्वतःची मुदत. लडाखमध्ये २०१० साली २२२ किलोमीटरची ‘ला अल्ट्रा’ प्रथम झाली, तेव्हा ती एकट्यालाच पूर्ण करता आली.

या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की अनेक शर्यतींचा आणि पराक्रमांचा उगमच एखाद्या अपुऱ्या प्रयत्नात आहे. कॅलिफोर्नियातील टेव्हिस कप ही एका दिवसात शंभर मैल पार करण्याची घोड्यांची शर्यत. १९७३ मध्ये गॉर्डी एन्सली याचा घोडा वाटेतच लंगडू लागला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो घोड्याविना आला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायी पोचला. वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत त्यातूनच उभी राहिली. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटरपासून माउंट व्हिटनीपर्यंत धावत जाण्याचे अल आर्नल्डचे १९७४ आणि १९७५ चे दोन्ही प्रयत्न फसले. १९७७ मध्ये तो पोचला. अमेरिकेतील टेनेसीच्या डोंगरात होणाऱ्या बार्कली मॅरेथॉन्स या पाच फेऱ्यांच्या शर्यतीत ब्रिटिश धावपटू जॅस्मिन पॅरिसला २०२२ आणि २०२३ मध्ये सर्व फेऱ्या पूर्ण करता आल्या नव्हत्या. २०२४ मध्ये साठ तासांची मुदत संपायला ९९ सेकंद उरले असताना तिने शेवटच्या फाटकाला हात लावला, आणि ती शर्यत पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली.

मुंबईच्या धावपटूसाठी अपुऱ्या शर्यतीची कारणे बहुतेकदा इथल्या हवेतूनच सुरू होतात. कॉम्रेड्स साधारण जूनमध्ये असते, म्हणजे सर्वांत लांबचे सराव एप्रिल आणि मे महिन्यांत येतात, जेव्हा दमट हवेमुळे घाम त्वचेवर सुकतच नाही आणि शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग बंद पडतो. म्हणून आमचा गट रात्री अडीचला निघतो आणि चढाचा सराव पेडर रोड, येऊर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या रस्त्यावर करतो. अशा हवेत माणूस भीतीपोटी अति पाणी पितो. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की लांब शर्यतीत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. मुंबईत हे अजूनही पुरेसे सांगितले जात नाही, याची मला काळजी वाटते.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या शर्यतीत माझे कारण पोटाचे होते. धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्यांना कमी पडते. पन्नासाव्या किलोमीटरनंतर माझ्या पोटात केळेही राहीना. ७१व्या किलोमीटरच्या चौकीवर मी मुदतीनंतर चौदा मिनिटांनी पोचले. तिथल्या मुलाने आधी मला खुर्ची दिली, मग बिबवर, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर, काळ्या पेनाने रेघ मारली आणि म्हणाला, ‘‘ताई, चहा घ्या.’’ दोन दिवसांनी दादरच्या पुलाच्या पायऱ्या मी कठडा धरून, तोंड मागे करून उतरले, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांचे तंतू तिथेच सर्वाधिक फाटतात. ते दुखणे आठवड्यात गेले. खाणे आणि झोप रुळायला तीन आठवडे लागले. बूट मात्र दीड महिना दाराशी तसेच पडून होते, आणि कोणी ‘‘किती वेळात केलीस?’’ असे विचारले की मी विषय बदलत असे.

शिवाजी पार्क मॅरेथॉन क्लबची १५ ऑगस्टची धाव इथे येते. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच, बारा तास, अंतर ज्याचे त्याने ठरवायचे आणि क्रमांक नाहीत. ती वेस्टनच्या परंपरेतील आहे: तिथे डीएनएफ संभवतच नाही, कारण संपवायला ठरावीक अंतरच नाही. जूनमध्ये डर्बनहून पदकाविना परतलेल्यांना ती दोन महिन्यांनी, भर पावसात, घराजवळच मिळते. गटातल्या एका काकांनी मला हेच सुचवले. पहिले चार तास दर पाऊण तासाला पाच मिनिटे चालायचे, केळ्याऐवजी मीठ घातलेली पेज बरोबर ठेवायची आणि दुपारी पोट काय म्हणते ते पाहायचे, एवढे ठरले आहे. पेजेचा प्रयोग मी गेल्या रविवारी येऊरला केला. २८ किलोमीटरपर्यंत ती पोटात राहिली.