अ‍ॅझाथायोप्रिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल : एकाच प्रयोगशाळेतली दोन औषधं

अ‍ॅलोप्युरिनॉल मुळात गाउटसाठी (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजारासाठी) शोधलेलंच नाही. न्यूयॉर्कजवळच्या टकाहोमध्ये, बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५१ मध्ये मर्कॅप्टोप्युरिन बनवलं. १९५३ मध्ये मुलांच्या ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कॅन्सरसाठी) ते अमेरिकेत मंजूर झालं. पण शरीरातलं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम ते झपाट्याने निकामी करायचं. एन्झाइम अडवलं तर औषध टिकेल, या हिशेबाने अ‍ॅलोप्युरिनॉल पुढे आलं. औषध टिकलंच, शिवाय रुग्णांचं युरिक अ‍ॅसिडही उतरलं, कारण ते तयार करणारं एन्झाइमही हेच. १९६६ मध्ये अ‍ॅलोप्युरिनॉलला गाउटसाठी मंजुरी मिळाली.

अ‍ॅझाथायोप्रिनही याच प्रयोगशाळेतलं, १९५७ चं. पोटात गेलं की त्याचं मर्कॅप्टोप्युरिन होतं. १९६२ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी किडनी ट्रान्सप्लांटच्या रुग्णांना ते दिलं, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ट्रान्सप्लांटचा प्रयत्न झाला १९६५ मध्ये. पुढे सायक्लोस्पोरिन हे त्याच कामाचं नवं औषध येईपर्यंत अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड हाच आधार होता.

म्हणजे या दोन औषधांचं वैर नंतर कळलेला दुष्परिणाम नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल मर्कॅप्टोप्युरिन शरीरात टिकवण्यासाठीच शोधलं होतं, आणि म्हणूनच आजही ही जोडी नकळत एकत्र दिली जाते याचं फार वाईट वाटतं.

होतं असं. पेशंटचा ट्रान्सप्लांटचा फॉलोअप परळला, पायाचा अंगठा सुजला की दाखवायचं मात्र डोंबिवलीत घराजवळच्या डॉक्टरांना. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसतं, चिठ्ठीवर झायलोरिक १००, म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी, येते. इमुरानची (अ‍ॅझाथायोप्रिनची) फाइल परळच्या पिशवीत राहते आणि मेडिकलही वेगळं. अ‍ॅझाथायोप्रिन १०० मिलिग्रॅमच चालू राहतं, पण परिणाम तिप्पट-चौपट डोसाचा होतो. बोन मॅरो (हाडांतला रक्तपेशी बनवणारा भाग) दबतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. हे काही आठवड्यांनी होत असल्याने ताप, तोंडातले फोड, हिरड्यांतून रक्त यांचा संबंध त्या गोळीशी कोणी लावत नाही. ही औषधं शरीरात निष्प्रभ करायला मदत करणाऱ्या एनयूडीटी१५ जनुकातला दोष भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो. अशा माणसाला तर कमी डोसही जड जातो.

दोन्ही द्यायचीच असतील, तर अ‍ॅझाथायोप्रिन मूळ डोसाच्या पाव ते एक तृतीयांशावर आणतात. १०० ऐवजी २५, म्हणजे ५० च्या गोळीचा अर्धा भाग. सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) सुरुवातीला दर आठवड्याला. आतड्याच्या आजारात काही गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट हीच जोडी मुद्दाम, अशाच कमी डोसात वापरतात.

फेबुक्सोस्टॅट हे गाउटचं दुसरं औषध हा पर्याय नव्हे, तेही तेच एन्झाइम अडवतं. अ‍ॅझाथायोप्रिनऐवजी चालणाऱ्या मायकोफेनोलेटचा या एन्झाइमशी संबंध नाही, म्हणून ट्रान्सप्लांटवाले डॉक्टर बऱ्याचदा त्यावर बदली करतात. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्याला गाउटच्या दुखण्यावरचं कोल्चिसिन नेहमीच्या डोसात दिलं तर स्नायू कमजोर होऊ शकतात, तेव्हा ती वाटही सरळ नाही. गाउटची गोळी सुरू झाली म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन स्वतःहून थांबवू मात्र नये, किडनी रिजेक्ट होऊ शकते. त्याच दिवशी ट्रान्सप्लांट युनिटला फोन करावा.